एका ढगाने हिरावलेला शुक्र

पृथ्वीपासून सूर्य किती दूर आहे, हा प्रश्न अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत समाधानकारकरीत्या सुटलेला नव्हता. ग्रहांच्या अंतरांचे परस्परांशी असलेले प्रमाण केप्लरच्या नियमांवरून ठाऊक होते. परंतु त्यातले एकही अंतर कोसांत वा मैलांत निश्चित सांगता येत नव्हते. एक अंतर हाती आले असते, तर साऱ्या सूर्यमालेचे माप निघाले असते. ही किल्ली शुक्राच्या अधिक्रमणात आहे, असे एडमंड हॅली यांनी 1716 मध्ये दाखवून दिले. या किल्लीपायी आयुष्याची अकरा वर्षे समुद्रावर आणि परमुलखात घालविणारे फ्रेंच खगोलविद म्हणजे गीयोम ल जाँती.

ल जाँती यांचा जन्म 12 सप्टेंबर 1725 रोजी नॉर्मंडीतील कुतांस या गावी झाला. धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी ते पॅरिसला आले. पण जोसेफ-निकोला दलील यांची खगोलशास्त्रावरील व्याख्याने ऐकली आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पॅरिसच्या वेधशाळेत ते वेध घेऊ लागले. देवयानी दीर्घिकेजवळची, आज एम 32 या नावाने ओळखली जाणारी छोटी दीर्घिका त्यांनी 1749 मध्ये शोधली. 1753 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले.

अधिक्रमण म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्राचा काळा ठिपका सरकत जाणे. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 3.4 अंशांनी कललेली असल्याने बहुतेक वेळा तो सूर्याच्या वरून वा खालून निघून जातो. आठ वर्षांच्या अंतराने दोन अधिक्रमणे होतात आणि मग शंभराहून अधिक वर्षे एकही होत नाही. पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून पाहिल्यास शुक्राचा मार्ग सूर्यबिंबावर किंचित सरकलेला दिसतो आणि त्याला लागणारा वेळ बदलतो. या फरकावरून सूर्याचे अंतर काढता येते. हॅलींच्या पद्धतीत अधिक्रमणाचा आरंभ आणि शेवट, दोन्ही टिपावे लागत. दलील यांनी त्यात सुधारणा केली. ठिकाणाचे रेखांश अचूक ठाऊक असतील तर एकाच स्पर्शाची वेळ पुरेशी होती. अचूक रेखांश आणि अचूक घड्याळ या दोन अटी पुढे ल जाँती यांच्या नशिबी कळीच्या ठरल्या.

6 जून 1761 च्या अधिक्रमणासाठी जगभर शंभराहून अधिक निरीक्षक सज्ज होत होते. ल जाँती यांच्याकडे पाँडिचेरी सोपविण्यात आली. 26 मार्च 1760 रोजी त्यांनी फ्रान्सचा किनारा सोडला आणि जुलैत ते आजच्या मॉरिशसला पोहोचले. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात सप्तवार्षिक युद्ध पेटलेले असल्याने पुढे जाणारे जहाज मिळेना. अखेर मार्च 1761 मध्ये एका फ्रेंच युद्धनौकेवर त्यांना जागा मिळाली. ती निघाली तेव्हा पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती जाऊन दोन महिने उलटले होते. पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला त्याच आठवड्यात, जानेवारी 1761 मध्ये, फ्रेंचांनी तेथे शरणागती पत्करली होती. जहाजावर याची कोणालाच वार्ता नव्हती.

वाऱ्यांनी जहाजाला भलतीकडे भरकटवले. मे महिन्याच्या अखेरीस मलबार किनाऱ्यावरील माहेजवळ आल्यावर माहे आणि पाँडिचेरी दोन्ही शत्रूच्या ताब्यात गेल्याचे कळले आणि कप्तानाने जहाज मॉरिशसकडे वळवले. 6 जूनला आकाश स्वच्छ होते. ल जाँती यांनी डेकवरून अधिक्रमण पाहिले, वेळाही टिपल्या. पण हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही आणि भर समुद्रात रेखांशही नेमके कळत नव्हते. डोळ्यांनी सारे दिसले. शास्त्राच्या हाती काहीच लागले नाही.

पुढचे अधिक्रमण जून 1769 मध्ये होते. त्यानंतरचे थेट 1874 मध्ये. ल जाँती यांनी परत न जाण्याचा निर्णय घेतला. मधल्या वर्षांत त्यांनी मादागास्करच्या पूर्व किनाऱ्याचे नकाशे तयार केले. हिंदी महासागरातील वारे आणि भरती-ओहोटी यांच्या नोंदी केल्या. मनिला हे ठिकाण अधिक अनुकूल ठरेल असे गणित मांडून 1766 मध्ये ते फिलिपिन्सला गेले. तेथील स्पॅनिश गव्हर्नराला त्यांची शिफारसपत्रे बनावट वाटली आणि वातावरण संशयाचे झाले. इकडे तहानुसार पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळाली होती आणि अकादमीचा कलही तिकडेच होता. 27 मार्च 1768 रोजी ते पाँडिचेरीत उतरले.

गव्हर्नर लॉ द लॉरिस्तों यांनी त्यांचे स्वागत केले आणि इंग्रजांनी उद्ध्वस्त केलेल्या किल्ल्याच्या अवशेषांवर वेधशाळा उभारून दिली. मद्रासच्या इंग्रजांनी त्यांच्यासाठी एक उत्तम दुर्बीणही पाठवली. हाती वर्षभराचा अवधी होता. त्यांनी पाँडिचेरीचे रेखांश निश्चित केले आणि स्थानिक तमिळ ज्योतिर्विदांकडून ग्रहणगणिताची रीत शिकून घेतली. कवड्या मांडून आणि तोंडपाठ कोष्टकांच्या आधारे हे गणिती ग्रहणाचे गणित करीत. 30 ऑगस्ट 1765 च्या चंद्रग्रहणाचा त्यांनी काढलेला कालावधी प्रत्यक्षापेक्षा केवळ 41 सेकंदांनी कमी होता, तर युरोपातील नामांकित कोष्टकांवरून काढलेला कालावधी 68 सेकंदांनी अधिक होता, अशी नोंद ल जाँती यांनी केली. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या या माहितीने युरोपात भारतीय ज्योतिर्गणिताच्या अभ्यासाला चालना मिळाली.

1769 चे अधिक्रमण पाँडिचेरीत 4 जूनच्या सकाळी दिसणार होते. सूर्य उगवेल तेव्हा शुक्र बिंबावर असणार होता आणि सातच्या सुमारास तो बाहेर पडणार होता. तो एकच क्षण टिपायचा होता. संपूर्ण मे महिना सकाळी आकाश निरभ्र राहिले होते. अधिक्रमणाच्या आदल्या रात्री मात्र दोनच्या सुमारास त्यांना जाग आली तेव्हा आकाश झाकोळलेले होते. पहाटे वारा सुटला, ढग दाटले आणि तो क्षण ढगांआड निघून गेला. त्यानंतर थोड्याच वेळात सूर्य लख्ख तळपू लागला आणि दिवसभर तळपत राहिला. ज्या मनिलातून ते निघून आले होते, तेथे त्या सकाळी आकाश स्वच्छ होते. पुढचे दोन आठवडे त्यांना रोजनिशी लिहिण्यासाठी लेखणीही धरवेना.

त्यातच आजारपण आले. 1770 मध्ये त्यांनी पाँडिचेरी सोडली. मॉरिशसहून निघालेले जहाज वादळात सापडून परत फिरले. शेवटी एका स्पॅनिश जहाजाने ते काडिझला पोहोचले आणि पिरेनीज पर्वत ओलांडून 8 ऑक्टोबर 1771 रोजी त्यांनी फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवले. निघाल्याला 11 वर्षे 6 महिने 13 दिवस झाले होते. त्यांच्या मृत्यूची अफवा त्यांच्याआधीच घरी पोहोचली होती. वारसांनी मालमत्तेच्या वाटणीचा घाट घातला होता आणि अकादमीतील त्यांची जागाही गेली होती. जिवंत असल्याचे सिद्ध करण्यापासून त्यांना सुरुवात करावी लागली. न्यायालयात दावे लढूनही झालेले नुकसान भरून निघाले नाही.

पुढे अकादमीने त्यांना पुन्हा सामावून घेतले. त्यांचा विवाह झाला, एक कन्या झाली आणि वेधशाळेतच त्यांचा संसार मांडला गेला. हिंदी महासागरातील प्रवासाचा त्यांचा दोन खंडांचा वृत्तांत 1779 आणि 1781 मध्ये प्रसिद्ध झाला. 22 ऑक्टोबर 1792 रोजी त्यांचे निधन झाले.

त्या अधिक्रमणांनी घेतलेली किंमत एकट्या ल जाँती यांनी मोजली नव्हती. 1769 चे अधिक्रमण कॅलिफोर्नियाच्या द्वीपकल्पावरून यशस्वीपणे टिपणारे त्यांचे सहकारी शाप द'ओतरोश काही आठवड्यांतच साथीच्या रोगाला बळी पडले. निरभ्र आकाश लाभलेल्यांनाही शुक्र सूर्याच्या कडेपासून सुटताना थेंबासारखा ताणलेला दिसला; त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या निरीक्षकांच्या वेळांतही काही सेकंदांचा फरक पडला. तरीही जगभरच्या नोंदी एकत्र करून लालांद यांनी 1771 मध्ये सूर्याचे अंतर सुमारे 15 कोटी 30 लाख किलोमीटर काढले. आजचे सरासरी मूल्य 14 कोटी 96 लाख किलोमीटर आहे. या आकड्यात पाँडिचेरीचा वेध नाही.

8 जून 2004 रोजी भारतातून संपूर्ण अधिक्रमण पाहता येण्याजोगे होते. 6 जून 2012 रोजी सूर्य उगवला तोच शुक्राचा ठिपका घेऊन, ल जाँती यांच्या वेळी उगवला होता तसा. आता पुढचे अधिक्रमण डिसेंबर 2117 मध्ये. चंद्रावरच्या एका विवराला ल जाँती यांचे नाव देण्यात आले आहे. मात्र त्यांचे खरे स्मारक म्हणजे त्यांचा तो दोन खंडांचा वृत्तांत. शुक्राची वाट पाहताना त्यांनी वारे मोजले, किनारे आखले आणि तमिळ गणितींच्या कवड्यांचा हिशेब टिपून ठेवला. ढग आला नसता, तर पाँडिचेरीच्या नावे कोष्टकात एक वेळ नोंदली गेली असती. ही बाकीची संपत्ती मात्र प्रतीक्षेच्या वर्षांनीच जमवली.