उघडे दार

इ. स. १८९३ चा पावसाळा होता. पुण्यातील शारदासदन ही बालविधवांची शाळा एकाएकी ओस पडू लागली. पालक येत आणि आपल्या मुलींना घेऊन जात. शाळेच्या सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या थोर गृहस्थांनीही आपले अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून संस्थापिकेवर टीकेचा भडिमार सुरू झाला. ही संस्थापिका म्हणजे पंडिता रमाबाई. हे असे का घडले आणि त्या प्रसंगी त्यांचे मन कशाच्या आधारावर स्थिर राहिले, हे समजण्यासाठी त्यांच्या पूर्वायुष्याकडे वळले पाहिजे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकणे त्या काळी निषिद्ध मानले जाई; परंतु अनंतशास्त्र्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती विद्या दिली. त्यापायी त्यांना लोकनिंदा सोसावी लागली, तरी त्यांनी माघार घेतली नाही. याच मातेकडून रमाबाई संस्कृत शिकल्या.

पुढे दुष्काळाने घाला घातला. वयाच्या सोळाव्या वर्षी रमाबाईंचे मातृपितृछत्र हरपले. बंधू श्रीनिवास यांच्यासह पुराणे सांगत त्या गावोगाव पायी हिंडल्या. १८७८ साली कलकत्त्यातील विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या देऊन त्यांचा गौरव केला. परंतु सुख त्यांच्या वाट्याला फार दिवस आले नाही. भाऊ वारला; १८८० मध्ये विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आतच पती बिपिनबिहारी मेधावी हेही पटकीने दगावले. पदरी लहानगी मनोरमा तेवढी उरली.

अधिक शिक्षणासाठी १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने झिडकारलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी ममतेने शुश्रूषा करीत आहेत, हे दृश्य त्यांनी तेथे पाहिले. या करुणेचा उगम येशू ख्रिस्ताच्या शिकवणीत आहे, असे त्यांना वाटले आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही वार्ता मायदेशी पोहोचताच ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते, त्यांपैकी अनेकांनी त्यांच्यावर शब्दांचे आसूड ओढले. नवल असे, की ख्रिस्ती वडीलधाऱ्यांकडूनही त्यांची सुटका झाली नाही. रमाबाई धर्ममतांविषयी प्रश्न विचारीत, मांसाहार करीत नसत. म्हणून तेथे त्यांना गर्विष्ठ ठरविण्यात आले.

रमाबाईंचे मन काही दगडाचे नव्हते. हे बोल त्यांना झोंबत, आणि सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न आला म्हणजे त्या सडेतोड उत्तरही देत. परंतु वैर मात्र त्यांनी मनात साठविले नाही. वधस्तंभावर खिळलेल्या ख्रिस्ताने छळ करणाऱ्यांसाठीच क्षमा मागितली होती. ज्याला आपण गुरू मानले, त्याने एवढे सोसले, तर आपण चार शब्द का सोसू नयेत, अशी त्यांची धारणा होती. आपले खरे मोल जगाच्या स्तुतीने वाढत नाही व निंदेने घटत नाही, ते ईश्वर जाणतो, या श्रद्धेने त्यांना बळ दिले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे कोणावरही धर्माची सक्ती नव्हती. रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. त्या कोणाला बोलावीत नसत आणि आलेल्या मुलीला हाकलीतही नसत. एवढ्यावरून त्या मुलींना बाटवितात, असा गवगवा झाला. पालकांची काळजी अगदीच निराधार होती असे नव्हे. पुढे काही मुलींनी तो धर्म स्वीकारलाही. तथापि निंदेच्या भयाने लपूनछपून प्रार्थना करणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले. त्यांनी दार लावले नाही आणि उरलेल्या मुलींची शाळाही थांबविली नाही.

त्या शाळेचे फळ लवकरच दिसू लागले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व उपासमारीने कासावीस झालेल्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे मुली लिहिणे-वाचणे, विणकाम, शेती व छपाई शिकल्या. खेड्यातील स्त्रियांनाही समजावे म्हणून रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमेचा मृत्यू झाला. हे दुःख गिळूनही त्यांनी ते काम पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

मुलांनो, कठोर शब्द कोणाच्या वाट्याला येत नाहीत? त्यांत तथ्य असेल, तर ते नम्रपणे स्वीकारावे. नसेल, तर मन कडू होऊ न देता आपले काम करीत राहावे. रमाबाईंचे टीकाकार गेले, ते वादही विरून गेले. केडगावी लावलेला त्यांच्या सेवेचा वृक्ष मात्र त्यांच्यामागेही अनाथ, निराधार स्त्रियांना सावली देत राहिला.