दानिएल कारियोन : आजार लवकर ओळखता यावा म्हणून जीव देणारा विद्यार्थी

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात ५ ऑक्टोबर हा वैद्यक दिन असतो. हा दिवस कुणा नामांकित डॉक्टरचा नाही, तर शिक्षणही पूर्ण न झालेल्या एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचा आहे.

दानिएल आल्सिदेस कारियोनचा जन्म १८५७ चा, अँडीज पर्वतातल्या सेरो दे पास्को या खाणींच्या गावातला. पुढे तो डॉक्टरकी शिकायला लिमाला आला. त्याआधी, १८७० च्या सुमारास लिमा ते ला ओरोया रेल्वेमार्ग बांधताना हजारो मजूर एका विचित्र तापाने दगावले होते. त्याला ‘ओरोया ताप’ म्हणू लागले. त्याच खोऱ्यांत ‘वेरुगा’ नावाचा आजारही होता. त्यात अंगावर लालसर गाठी यायच्या, पण रोगी सहसा वाचायचा. त्यामुळे हे दोन वेगळे आजार आहेत, असाच बहुतेकांचा समज होता.

कारियोनला वेगळाच प्रश्न पडला होता. गाठी दिसल्या की वेरुगा कुणीही ओळखेल, पण त्या येण्याआधी काय? ताप आणि सांधेदुखी पाहून डॉक्टर मलेरिया समजायचे. सुरुवातीची लक्षणं नेमकी टिपायची, तर आजाराची लागण कधी झाली हे माहीत हवं.

मग त्याने स्वतःवरच प्रयोग करायचं ठरवलं. मित्रांनी आणि डॉक्टरांनी समजावलं, पण त्याने ऐकलं नाही. २७ ऑगस्ट १८८५ रोजी दोस दे मायो रुग्णालयात वेरुगाच्या एका रोग्याच्या गाठीतलं रक्त त्याने आपल्या दंडात टोचून घेतलं.

तीन आठवडे काहीच झालं नाही. १७ सप्टेंबरपासून त्रास सुरू झाला. ताप चढला, अंग पांढरं पडलं. तो रोज नोंदी करत होता. २६ सप्टेंबरनंतर हात चालेना, तेव्हा मित्रांनी त्या पुढे लिहिल्या. गाठी आल्याच नाहीत. वेरुगाच्या रक्तातून त्याला झाला होता तो ओरोया ताप. म्हणजे दोन्ही आजार एकच! ५ ऑक्टोबरला वयाच्या २८ व्या वर्षी तो गेला.

या आजाराचा जिवाणू पुढे अल्बर्टो बार्टन यांनी शोधला, म्हणून त्याला ‘बार्टोनेला’ म्हणतात. सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीच्या चाव्यातून तो पसरतो. आजाराला मात्र कारियोनचंच नाव आहे.

आज अँटिबायोटिक वेळेत मिळालं, तर रोगी वाचतो. पण सुरुवातीचा ताप अजूनही मलेरिया किंवा टायफॉइडसारखाच वाटतो. रक्तात जिवाणू कमी असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली ते सुटतात, आणि प्रयोगशाळेत वाढवायला काही आठवडे लागू शकतात. डोंगरातल्या छोट्या दवाखान्यात तेवढी वाट पाहणं परवडत नाही. कारियोनला पडलेला प्रश्न तिथल्या डॉक्टरांसमोर आजही आहे.