सनी लिस्टन : एका बलवंताची जीवनकथा

श्रावणी सोमवारीं ओतूरच्या जत्रेंत कुस्त्यांची हलगी वाजूं लागली, म्हणजे आपल्या शाळेंतील कितीएक मुलांचें चित्त वर्गांत राहत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे. जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत बलाची आवड पूर्वापार चालत आलेली असून ती चांगलीच आहे. परंतु बल मिळविणें ही एक गोष्ट व त्या बलास वळण लागणें ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व ध्यानांत यावें म्हणून अमेरिकेंतील एका जगप्रसिद्ध मुष्टियोद्ध्याची जीवनकथा येथें सांगतों.

चार्ल्स ऊर्फ सनी लिस्टन याचा जन्म १९३० च्या सुमारास आर्कान्सा राज्यांतील एका गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या घरीं झाला. बाप टोब हा दुसऱ्याची जमीन वांट्यानें करी. त्यास दोन बायकांपासून २५ मुलें झालीं. चार्ल्स त्यांतील चोविसावा. बाप मुलांस शेतावर राबवी व चाबकानें मारी. त्या माराचे वण चार्ल्सच्या अंगावर जन्मभर राहिले. पुढें आई हेलन घर सोडून सेंट लुई शहरीं मजुरीस गेली. तेव्हां सुमारें तेरा वर्षांच्या या मुलानें मेहुण्याच्या झाडाचीं अक्रोडासारखीं फळें झोडून विकलीं व त्या पैशांवर आईचें शहर गांठलें.

तेथें तो शाळेंत गेला. परंतु अंगानें थोराड आणि अक्षरओळख मुळींच नाहीं, असा तो विद्यार्थी पाहून इतर मुलें त्याला हसूं लागलीं. त्यानें शाळा सोडली ती कायमची. रस्त्यावर मात्र त्याला कोणी हसत नसे. तेथें सोबती मिळाले, चोऱ्या झाल्या, वाटमारी झाली, आणि १९५० सालीं पांच वर्षांची शिक्षा होऊन तो मिसूरी राज्याच्या तुरुंगांत गेला.

या तुरुंगांतच त्याच्या आयुष्यांत पहिला चांगला दिवस उगवला. तेथील कॅथलिक धर्मगुरु फादर स्टीव्हन्स हे कैद्यांच्या खेळांची व्यवस्था पाहत. त्यांनीं या दांडगट तरुणाच्या हातांत मुष्टियुद्धाचे हातमोजे दिले. त्याच्या मुठीचा घेर सुमारें १५ इंच व हातांचा पल्ला ८४ इंच होता. थोड्याच दिवसांत तुरुंगांत त्याच्यापुढें कोणी टिकेना. फादरांच्या खटपटीनें १९५२ च्या ऑक्टोबरांत त्याची सशर्त सुटका झाली, आणि पुढील वर्षींच त्यानें १९५२ च्या ऑलिंपिक सामन्यांतील वजनदार गटाचा विजेता एड सँडर्स यास हरविलें. १९५४ सालीं एका सामन्यांत त्याचा जबडा मोडला. तरी तो शेवटच्या फेरीपर्यंत उभा राहिला.

परंतु तुरुंगाबाहेर त्याचा हात धरला तो गुंडांच्या टोळ्यांनीं. त्यांना त्याच्या मुठी सामन्यांत पैसा मिळविण्यास हव्या होत्या, तशाच लोकांना धाक दाखविण्यासहि हव्या होत्या. १९५६ सालीं एका पोलीस शिपायास मारहाण केल्यामुळें लिस्टन पुन्हां कैदेंत पडला. पुढें कार्बो व पालेर्मो या कुप्रसिद्ध इसमांनीं त्याच्या कमाईंत वांटा मिळविला. १९६१ सालीं त्या दोघांनाहि दुसऱ्या एका प्रकरणांत शिक्षा झाली. त्याच वर्षीं डेन्व्हर शहरीं फादर मर्फी या दुसऱ्या धर्मगुरूंनीं त्याचें दारूचें व्यसन सोडविण्याचा यत्न केला. पण पिकलेली वेल वळविणें कठीण.

२५ सप्टेंबर १९६२ रोजीं शिकागो येथें तो जगज्जेता फ्लॉइड पॅटर्सन याच्यासमोर उभा राहिला. वाचकहो, हा पॅटर्सनहि लहानपणीं शाळा चुकवून चोऱ्या करणारा, वाचतां न येणारा कृष्णवर्णीय मुलगाच होता. परंतु दहा-अकरा वर्षांचा असतांना त्यास विल्टविक येथील बिघडलेल्या मुलांच्या शाळेंत धाडण्यांत आलें. तेथील एका शिक्षिकेनें ममतेनें त्या अबोल मुलास बोलतें केलें. एकास दहाव्या वर्षीं शाळा भेटली, दुसऱ्यास विसाव्या वर्षीं तुरुंग! त्या रात्रीं लिस्टननें पॅटर्सनला दोन मिनिटें सहा सेकंदांत खालीं पाडलें. परंतु आयुष्याच्या आखाड्यांतील निकाल निराळा लागला. पॅटर्सन पुढें न्यूयॉर्क राज्याच्या मुष्टियुद्ध मंडळाचा प्रमुख झाला व २००६ सालीं सन्मानानें वारला.

जगज्जेतेपद मिळवून लिस्टन विमानानें फिलाडेल्फिया या आपल्या राहत्या शहरीं परतला. लोक स्वागतास येतील, या आशेनें त्यानें चार चांगले शब्द मनाशीं जुळविले होते. विमानतळावर वार्ताहरांपलीकडे कोणी नव्हतें. त्यानें केलेले अपराध खरे होते, आणि लोकांचा राग अगदींच अकारण नव्हता. तथापि सुधारूं पाहणाऱ्या माणसास दार बंद दिसलें म्हणजे तो पुन्हां जुन्या दाराशीं जातो.

१९६४ सालीं कॅशियस क्ले, म्हणजेच पुढील महंमद अली, याच्याशीं लढतांना सातव्या फेरीस तो उठलाच नाहीं. १९६५ मध्यें तो पुन्हां पहिल्याच फेरींत पडला. त्यानंतर तो लास व्हेगस शहरीं दारू व वाईट संगत यांत दिवस काढूं लागला. ५ जानेवारी १९७१ रोजीं त्याची पत्नी जेराल्डिन परगांवाहून परतली, तेव्हां घरांत तिला त्याचें प्रेत आढळलें. मृत्यु नैसर्गिक ठरविण्यांत आला. परंतु घरांत हेरॉइन हें मादक द्रव्य सांपडलें, व हा खून असावा असा संशय पुष्कळांना राहिला. तेथील विमानतळाजवळच त्याची कबर आहे. तिजवर पराक्रमाचा उल्लेख नाहीं. नांव व सालें यांखालीं, येथें एक माणूस निजला आहे, एवढ्याच अर्थाचे दोन शब्द कोरले आहेत.

विद्यार्थी मित्रहो, डोंगराकडील वाड्यांतून उशिरा शाळेंत आलेला, अंगानें थोर पण अक्षरांत मागें राहिलेला एखादा सोबती तुमच्या शेजारीं बसत असेल. त्याला हसूं नका. त्याची पाटी आपल्या पाटीजवळ घ्या. आणि पालकहो, अशा मुलास छडीच्या धाकानें शेताकडे वळवूं नका. लिस्टनला दोनदां हात देणारे भेटले. पण तेव्हां फार उशीर झाला होता. आपल्या मुलांच्या बाबतींत तो अजून झालेला नाहीं.