एक उडाणटप्पू सरदार

'द लिटल प्रिन्स' तुम्ही वाचलं असेलच. निदान त्यातली चित्रं तरी कुणाच्या स्टेटसला पाहिली असतील. वाळवंटात विमान बंद पडलेला त्यातला वैमानिक मात्र नुसता कल्पनेतला नाही बरं का!

आंत्वान द सेंट एक्झुपेरी १९०० मध्ये फ्रान्सच्या लिआँ शहरात, सरदार घराण्यात जन्मला. वडील लहानपणीच गेले. पोरगं व्हायोलिन शिकलं, सायकलला कापडी पंख लावून उडायला बघितलं आणि बाराव्या वर्षी खऱ्या विमानात बसलंच.

पुढे नौदल अकादमीच्या प्रवेश परीक्षेत नापास. लष्करी सेवेत विमान चालवायला शिकला, १९२३ मध्ये अपघात झाला. होणाऱ्या सासरच्यांना हे उडणं पसंत नव्हतं, म्हणून सोडून ऑफिसात बसला. लग्न तरीही मोडलं. मग ट्रक विकायची नोकरी धरली, तीही जमेना!

१९२६ मध्ये टपाल नेणाऱ्या विमान कंपनीत लागला आणि गाडी रुळावर आली. इंजिन बंद पडलं तर खाली सहारा. केप जुबीच्या एकाकी ठाण्यावर तो अडकलेले वैमानिक सोडवून आणायचा, वाळवंटी कोल्हा पाळायचा आणि रात्री कादंबरी लिहायचा. मित्रांमध्ये पत्त्यांची जादू दाखवायचा, पियानोच्या पट्ट्यांवरून संत्री घरंगळवून सूर काढायचा. १९३५ च्या डिसेंबरात सायगावला जाताना विमान लिबियाच्या वाळवंटात कोसळलं. तो आणि मेकॅनिक तहानेने मरणार, एवढ्यात एक बेदुइन उंटवाला देवासारखा भेटला.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर तो न्यूयॉर्कला गेला. तिथे 'लिटल प्रिन्स' लिहिलं, चित्रंही स्वतःच काढली. एप्रिल १९४३ मध्ये पुस्तक आलं आणि त्याच महिन्यात हा युद्धावर निघाला. वय त्रेचाळीसच्या घरात, जुन्या दुखापतींमुळे फ्लाइंग सूटही एकट्याने चढवता येईना. वरिष्ठ नको म्हणत होते. या वेळी त्याने कुणाचंच ऐकलं नाही.

३१ जुलै १९४४ ला तो कॉर्सिकाहून शत्रूच्या प्रदेशाचे फोटो काढायला एकटाच उडाला, तो परत आलाच नाही. १९९८ मध्ये मार्सेजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात चांदीचं ब्रेसलेट सापडलं. विमानाच्या अवशेषांची ओळख पटायला २००४ उजाडलं.

ब्रेसलेटवर त्याचं नाव होतं, बायकोचं नाव होतं आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता. आयुष्यभर लोकांची पत्रं पोचवणाऱ्याने स्वतःचा पत्ता मनगटावर बांधून ठेवला होता.