हरकतीला पुरून उरलेला खेळाडू

फुटबॉल म्हटले की आपल्याला पेले आठवतो, मॅराडोना आठवतो. परंतु या दोघांच्या कितीतरी आधी दक्षिण अमेरिकेच्या मैदानावर एक कृष्णवर्णीय तरुण वाऱ्यासारखा धावून गेला. त्याचे नाव इझाबेलिनो ग्रादीन. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

ग्रादीनचा जन्म १८९७ साली उरुग्वेची राजधानी माँतेव्हिदेओ येथे झाला. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले होते. घराणे आणि पैसा यांपैकी काहीच पाठीशी नव्हते. होते ते दोन वेगवान पाय. त्यांच्या बळावर तो पेन्यारोल या नामांकित क्लबात गेला आणि पुढे राष्ट्रीय संघात.

१९१६ साली अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यघोषणेला शंभर वर्षे झाली. त्यानिमित्त अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील आणि चिली या शेजारी देशांची स्पर्धा ब्वेनोस आयरेस येथे भरली. हीच पुढे कोपा अमेरिका झाली. स्पर्धा चालू असतानाच, ९ जुलै रोजी, दक्षिण अमेरिकेचा फुटबॉल महासंघ स्थापन झाला.

२ जुलैला पहिलाच सामना उरुग्वे आणि चिली यांचा होता. उरुग्वेने तो ४-० असा जिंकला. त्यांत दोन गोल पिएन्दिबेनेचे, दोन ग्रादीनचे. सामन्यानंतर चिलीकडून हरकत आली. ती खेळाच्या नियमांविषयी नव्हती. उरुग्वेने संघात दोन आफ्रिकन उतरवले, अशी ती तक्रार! ते दोघे म्हणजे ग्रादीन आणि हुआन देल्गादो. दोघेही उरुग्वेचेच खेळाडू. हरकतीने काही साधले नाही. निकाल कायम राहिला.

ही हकिकत वाचताना मी थबकलो. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. तू इथे कसा, हा प्रश्न तोंडाने न विचारताही नजरेने विचारता येतो, हे मी जाणतो. ग्रादीनला तर तो साऱ्या खंडासमोर विचारला गेला. त्याने वाद घातला नाही. पुढच्या सामन्यात ब्राझीलविरुद्ध त्याने पुन्हा गोल केला आणि उरुग्वे २-१ ने जिंकला. १७ जुलैला अर्जेंटिनाशी ०-० अशी बरोबरी झाली व गुणांवर उरुग्वे विजेता ठरला. तीन गोल करणारा ग्रादीन स्पर्धेत सर्वांत पुढे होता.

तो नुसता फुटबॉलपटू नव्हता. २०० आणि ४०० मीटरच्या शर्यतींतही तो दक्षिण अमेरिकेचा विजेता झाला. पेरूचा कवी हुआन पारा देल रिएगो याने त्याच्यावर कविता लिहिली.

पण टाळ्यांनी पोट भरत नाही. डिसेंबर १९४४ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ग्रादीन दारिद्र्यात वारला. त्याने उघडलेल्या वाटेने आन्द्रादेसारखा कृष्णवर्णीय खेळाडू पुढे आला आणि १९३० साली उरुग्वेने पहिला विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्या संघात होता.

ग्रादीनचे गोल मोजले गेले, त्याचे शेवटचे दिवस मात्र कोणी मोजले नाहीत. गुणवंताला मैदानात जागा देणे हे समाजाचे अर्धेच कर्तव्य आहे, मैदानाबाहेर त्याला विसरू नये, हे उरलेले अर्धे होय.