कर्मवीर भाऊराव पाटील : घर आणि शाळा यांचा दुवा

आमच्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर दिवंगत व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले. आयुष्यभर खडू-फळ्याशी संबंध आलेल्या आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाच्या मनात प्रथम कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव यावे, हे स्वाभाविकच होय. त्यांनी किती शाळा काढल्या, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु मूल शाळेत टिकावे म्हणून त्यांनी शिक्षक, सहकारी आणि मुलांची घरे यांस एकत्र कसे गुंफले, तिकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरनजीकच्या कुंभोज या गावी झाला. त्यांचे घराणे ऐतवडे बुद्रुकचे, धर्माने जैन. वडील पायगोंडा पाटील हे मुलकी खात्यात कारकून होते. पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि आपल्याच समाजाच्या वसतिगृहात राहू लागले. त्या काळी राजर्षी शाहू महाराजांच्या उत्तेजनाने कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर स्नान केल्यावाचून आत येऊ नये, असे त्यांस बजावण्यात आले. त्यांनी ते मानले नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांस आश्रय दिला. विद्यार्थ्याच्या डोक्यावरचे छप्पर गेले म्हणजे काय होते, हे भाऊरावांनी असे स्वतः अनुभविले होते. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पोहोचले नाही.

पुढे साताऱ्यास ते मुलांच्या शिकवण्या करू लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. नंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या प्रचारासाठी ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून बोलताना त्यांस दिसून आले की, बापाला मुलगा शिकावा असे वाटत नाही असे नव्हे. परंतु गुरे कोणी राखावी, शहरात मुलाने खावे काय आणि राहावे कोठे, या प्रश्नांपाशी त्याची इच्छा अडून बसते. मुलगा शाळेत नाही याचे कारण शाळेत नसून घरात आहे, हे ज्याने जाणले त्याने अर्धे काम केले असे आम्ही समजतो.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेच्या प्रसंगी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. शाहू महाराजांच्या काळातील वसतिगृहे बहुधा जातवार होती. भाऊरावांनी एक पाऊल पुढे टाकले. मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशा सर्व घरांतील मुले एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीस जेवू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले.

या वसतिगृहाची खरी माउली म्हणजे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्या सधन व सोवळ्या घरातल्या. तरीही त्यांनी सर्व जातींच्या मुलांस पोटच्या मुलांप्रमाणे जवळ केले. खर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा अंगावरचे दागिने एकामागून एक गेले आणि अखेर मुलांच्या पोटासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थापक म्हणून नाव भाऊरावांचे झाले, ते योग्यच. परंतु त्या घरावाचून संस्था उभी राहती ना, हे आम्ही विशेषतः आमच्या भगिनीवर्गास सांगू इच्छितो.

विद्यार्थ्यांच्या घरच्यांसही भाऊरावांनी केवळ उपकृत म्हणून ठेविले नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने मूठभर धान्य द्यावे, अशी मुष्टिफंडाची पद्धत त्यांनी चालविली. घरोघरीच्या आया दळणाआधी एक मूठ बाजूस काढीत. ती मूठ देणाऱ्या माउलीला शाळा परकी कशी वाटेल? मुलेही फुकट जेवत नसत. स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामे ती स्वतः करीत. कमवा आणि शिका ही योजना येथूनच वाढली.

शिक्षकांविषयीही त्यांचा विचार असाच दूरवरचा होता. खेड्यातील मुलास शिकवावयाचे तर खेडे जाणणारा शिक्षक हवा, म्हणून १९३५ साली साताऱ्यास त्यांनी शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. तेथून तयार झालेले तरुण, जेथे शाळा नव्हत्या अशा खेड्यांत जाऊन व्हॉलंटरी शाळा चालवू लागले. कोठे देऊळ, कोठे चावडी, अशी जागा गावाने द्यावयाची आणि शिक्षकाने गावचा होऊन राहावयाचे, असा तो रिवाज. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज साताऱ्यास निघाले. वसतिगृहात वाढलेली मुले परत येऊन सहकारी झाली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्यांतील ठळक नाव. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आल्यावरही त्यांनी संस्थेचेच काम पत्करले आणि पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ साली भाऊरावांस पद्मभूषण हा किताब व पुणे विद्यापीठाची सन्माननीय पदवी मिळाली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. वटवृक्ष हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह आहे.

आता थोडे स्वतःविषयी लिहितो. वाचकांनी क्षमा करावी. आमच्या नोकरीच्या काळात वर्गात एक हुशार मुलगा होता. तो दर सोमवारी गैरहजर राही. आम्ही हजेरीपटावर फुली मारीत गेलो, दोन वेळा छड्याही दिल्या. दिवाळीनंतर तो आलाच नाही. पुढे कळले की, वडील अंथरुणास खिळलेले असल्यामुळे सोमवारच्या बाजारी तो आईबरोबर भाजी विकावयास बसत असे. आमचे एक सहकारी त्याच आळीत राहत. त्यांस सर्व ठाऊक होते. आम्ही त्यांस विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्या मुलाचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते. भाऊरावांचे चरित्र आम्ही तेव्हाही वाचलेले होते. तथापि ते पाठ्यपुस्तकातील धडा म्हणून वाचले होते.

आमच्या संघाचेही विद्यार्थी वसतिगृह आहे. इमारत चांगली आहे, देणगीदारांच्या नावांच्या पाट्याही आहेत. तरी मधूनच शिक्षण सोडून जाणारी मुले तेथेही आहेत. कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती अशी की, महिन्यातून एक दिवस वसतिगृहाचे व्यवस्थापक, मुलांच्या शाळांतील शिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसावे आणि एकेका मुलाचे नाव घेऊन त्याची विचारपूस करावी. ज्या पालकास येणे जमणार नाही, त्याच्याकडे आपण जावे. या कामासाठी आम्ही आपले उरलेले दिवस देण्यास तयार आहोत. ज्ञातिबांधवांनी हात द्यावा, इतकेच मागणे आहे.