जॉर्ज बूल आणि माझा हरवलेला हातचा

मी प्रतापगडचा. महाशिवरात्रीच्या यात्रेला घरी गेलो तरी डोक्यात ८०८५ चा एम्युलेटरच. दोन बाइटची बेरीज, २५५ अधिक १, आणि उत्तर शून्य! वैतागून जॉर्ज बूल यांचं चरित्र उघडलं.

१८१५ साली लिंकनमध्ये बूट शिवणाऱ्याच्या घरी जन्म. सोळाव्या वर्षी मास्तरकी करून घर चालवलं. पदवी नाहीच, तरी १८४९ मध्ये कॉर्कच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक! पत्नी मेरी ही आपल्याकडे सर्व्हे करणाऱ्या एव्हरेस्टसाहेबांची पुतणी. १८५४ च्या ग्रंथात त्यांनी तर्काचं बीजगणित मांडलं. खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०. फ्लॅग म्हणजे तेच की हो! फक्त कोणती सूचना कोणता फ्लॅग बदलते, हे काटेकोर पाळायचं. डीसीआर झीरो फ्लॅग बदलते, कॅरीला हात लावत नाही. माझा कोड मात्र फेरी मोजताना कॅरीही पुसायचा, म्हणून खालच्या बाइटचा हातचा वर पोचतच नव्हता. ती ओळ काढली, २५६ आले.

१८६४ मध्ये बूल भर पावसात चालत लेक्चरला गेले, ओल्या कपड्यांतच शिकवलं. न्यूमोनिया झाला, डिसेंबरात गेले. वय ४९. मागे मेरी आणि पाच मुली.